बामियानच्या माणसांसाठी आपण काय करणार?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना राहून गेलेल्या काही गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, अफगाणिस्तानातल्या माणसांवर बोलतो. तेव्हा एक-दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाले, "दादा, वर्धापन दिन आहे, धम्मावर बोला की." मी म्हटलं, धम्मावरच बोलणार आहे. मी काही विद्वान माणूस नाही. गिरणीत साचे खात्यात उभा राहून तुटलेला धागा जोडणं हा माझा धंदा. शाळा दहावीपर्यंत झाली, पुढचं जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. त्यामुळे माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक वाटलं तर नंतर चहाच्या वेळी मला खुशाल धरा.

मागच्या महिन्यात आपल्याच वस्तीतल्या काही तरुणांशी बोलणं झालं. त्यांना मी सांगत होतो की अफगाण कुटुंबांसाठी आपण थोडी वर्गणी काढू, त्यांच्या बायकांनी हाताने केलेल्या वस्तू विकत घेऊ. त्यातला एक जण, चाकणला कंपनीत कामाला आहे, चांगला वाचणारा मुलगा, तो ताडकन म्हणाला, "काका, ज्यांनी आपले बुद्ध फोडले त्यांनाच आपण पैसे द्यायचे?" बाकीचे गप्प बसले. म्हणजे प्रश्न त्या एकट्याचा नव्हता. आज इथे बसलेल्यांपैकीही निम्म्यांच्या मनात तो असणार. म्हणून आधी त्याचंच बघू.

बामियान हे काबूलच्या पश्चिमेला डोंगरातलं एक खोरं आहे. तिथल्या कड्यात सहाव्या शतकाच्या सुमारास दोन उभे बुद्ध कोरले होते. एक सुमारे ५५ मीटर उंच, दुसरा ३८ मीटर. ५५ मीटर म्हणजे किती? आता आपल्याकडे हायवेच्या कडेला जे टॉवर उभे राहिलेत, त्यातला अठरा मजली टॉवर डोळ्यासमोर आणा. ह्युएन त्सांग हा चिनी भिक्खू सातव्या शतकात भारतात येताना बामियानला थांबला आणि त्याने त्या मूर्तींचं वर्णन लिहून ठेवलं. तोच ह्युएन त्सांग पुढे आपल्या महाराष्ट्रातही आला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात. म्हणजे ज्या डोळ्यांनी बामियान पाहिलं त्याच डोळ्यांनी आपला मुलूखही पाहिला.

२६ फेब्रुवारी २००१ ला तालिबानचा प्रमुख मुल्ला उमर याने मूर्ती फोडण्याचा हुकूम काढला आणि मार्च महिन्यात त्या सुरुंग लावून उडवल्या. तेव्हा आपल्याकडेही संताप झाला आणि तो योग्यच होता. परंतु मित्रहो, त्या खोऱ्यात राहतं कोण, हे त्या वेळी किती जणांनी विचारलं? तिथे हजारा नावाचा समाज राहतो. धर्माने मुसलमान, पण शिया, आणि चेहरेपट्टी मध्य आशियाकडची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमीर अब्दुर रहमान याने या हजारांची कत्तल केली, जमिनी काढून घेतल्या, हजारोंना गुलाम म्हणून बाजारात विकलं. त्यानंतर काबूल शहरात ओझी वाहणारा हमाल कोण, तर हजारा. घरात भांडी घासणारा कोण, तर हजारा. ज्याला कुणीही हटकावं, कुणीही शिवी द्यावी, असा माणूस कोण, तर हजारा. हे ऐकून आपल्या आजा-पणज्याची आठवण होत नसेल त्याने हात वर करावा.

ऑगस्ट १९९८ मध्ये तालिबानने मझार-ए-शरीफ शहर घेतलं तेव्हा घराघरात शिरून हजारा पुरुषांना मारलं. आणि जानेवारी २००१ मध्ये, म्हणजे बुद्ध फोडण्याच्या दोनच महिने आधी, त्याच बामियान प्रांतातल्या यकावलांग इथे शंभराहून जास्त हजारा पुरुषांना धरून गोळ्या घातल्या. मूर्तींची बातमी जगभर पहिल्या पानावर आली. त्या माणसांची बातमी आपल्यापैकी एकाने तरी वाचल्याचं आठवतं का? आणि मूर्ती फोडताना काय केलं? तिथल्याच धरून आणलेल्या माणसांना बंदुकीच्या धाकावर कड्यावरून दोराने खाली सोडून सुरुंग भरायला लावलं. नाही म्हणेल त्याला मरण. ज्या बुद्धांना ती माणसं पिढ्यान् पिढ्या सलसाल आणि शहमामा अशा घरच्या नावांनी ओळखत होती, त्यांच्या अंगात त्यांच्याच हातांनी दारू ठासून घेतली. मूर्तींच्या शेजारच्या गुहांमध्ये, जिथे एकेकाळी भिक्खू राहायचे, तिथे नंतर बेघर हजारा कुटुंबं पोरंबाळं घेऊन राहत होती.

तर त्या मुलाला मी एवढंच विचारलं, बुद्ध फोडणारा कोण आणि फोडायला लावलेला कोण, यात आपण फरक करणार की नाही? वेठबिगारीत मेलेलं ढोर ओढायला लावायचं आणि वर ढोर ओढतो म्हणून विटाळ मानायचा, हा न्याय आपल्यावर झालेला आहे. तो आपण दुसऱ्यावर करू नये. तो मुलगा नंतर बराच वेळ गप्प होता. पटलं की नाही ते मला माहीत नाही. आज तो इथे मागे उभा आहे, त्यालाच विचारा.

आता अफगाणिस्तान म्हणजे कुठेतरी लांबचा देश, असं आपण समजतो. माता-भगिनींनो, आज सकाळी वरणाला फोडणी दिलीत ना? हिंग घातला ना? तो हिंग आपल्या देशात जवळजवळ पिकतच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलात लाहौलला लागवडीचा पहिला प्रयोग सुरू झाला, तो अजून प्रयोगच म्हणायचा. आपल्या डबीतल्या हिंगाचा चीक मुख्यतः अफगाणिस्तानातून आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून येतो. तिथला कुणीतरी गरीब माणूस उन्हातान्हात डोंगरावर त्या झाडाच्या मुळाला चिरा देतो, चीक वाळवतो, तेव्हा आपल्या वरणाला वास येतो. दुसरं, आपण सहल काढून अजिंठ्याला जातो. तिथल्या चित्रांमधला निळा रंग पाहिलात? दीड हजार वर्षं झाली तरी टिकून आहे. तो लाजवर्द नावाचा दगड कुटून केलेला आहे आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींचा. पद्मपाणीचं अजिंठं रंगवणाऱ्या कारागिराच्या मागे खाणीतला एक अफगाण कामगार उभा आहे. मी कामगार असल्यामुळे मला तोच आधी दिसतो, त्याला इलाज नाही.

१५ ऑगस्ट २०२१ ला, आपण इकडे झेंडावंदन करत होतो त्या दिवशी, तालिबान पुन्हा काबूलमध्ये शिरले. बँका बंद झाल्या, नंतर उघडल्या तर आठवड्याला ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे काढता येईनात. परदेशात असलेली सरकारी गंगाजळी गोठवली गेली. तालिबानला शिक्षा म्हणून हे झालं, पण पगार थांबला मास्तरांचा आणि नर्सचा. मार्च २०२२ मध्ये मोठ्या मुलींच्या शाळा उघडणार म्हणून मुली दप्तर घेऊन गेल्या आणि दारातून परत पाठवल्या गेल्या. सहावीच्या पुढे मुलीला शाळा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं बंद. डिसेंबर २०२४ मध्ये नर्स आणि सुईणीचं शिक्षण होतं तेही बंद. आपल्या पुण्यात सावित्रीबाईंनी १८४८ साली जे दार उघडलं, ते तिथे एकविसाव्या शतकात बाहेरून कडी घालून बंद केलं. आपल्या घरातल्या पोरींनी एकदा कल्पना करून बघावी, सहावीचा निकाल लागला आणि आता घरी बसायचं, कायमचं.

वर भूकंप. जून २०२२ मध्ये पक्तिका भागात, ऑक्टोबर २०२३ मध्ये हेरातला, ३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री कुनारला. कुनारमध्ये २२०० हून जास्त माणसं गेली. घरं कसली? दगड आणि मातीची, वरून जड छप्पर. ज्यांनी ३० सप्टेंबर १९९३ नंतर किल्लारी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. त्या वेळी आम्ही पोरंसोरं घरोघर फिरून कपडे आणि धान्य गोळा करत होतो. लोकांनी भरभरून दिलं, परंतु त्या ढिगात फाटके परकर आणि एकाच पायातला बूटही निघाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दान म्हणजे घरातली अडगळ काढण्याची सोय नव्हे. किल्लारीला परदेशातूनही मदत आली होती. ती पाठवणाऱ्यांना लातूर कुठे आहे हे नकाशावर शोधावं लागलं असेल, तरी त्यांनी पाठवली.

"आधी आपल्या लोकांचं बघा," असं म्हणणारे आहेतच. त्यांना माझा नम्र प्रश्न असा, की आपल्या लोकांचं तरी आपण किती बघतो? जो माणूस आपल्या वस्तीतल्या विधवेच्या पोराची फी भरतो तोच माणूस बाहेरच्यासाठीही खिशात हात घालतो, असा माझा पंचवीस वर्षांच्या वर्गण्या गोळा करण्याचा अनुभव आहे. "आधी आपलं" म्हणणारा बहुतेक वेळा दोन्हीकडे देत नाही. कुणाला राग आला असेल तर येऊ द्या.

आता द्यायचं कसं, यावर थोडं सविस्तर बोलतो, कारण गोंधळ इथेच होतो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. माझी आत्या तेव्हा लोअर परळला चाळीत राहायची, मामा गिरणीत. मी बारा-तेरा वर्षांचा असेन, सुट्टीत तिच्याकडे गेलो होतो. कुणीतरी ओळखीचे तांदूळ घेऊन आले. आत्याने घेतले, पण मान खाली घालून, आणि ते गेल्यावर बराच वेळ कुणाशी बोलली नाही. त्याच आठवड्यात एक बाई जुनी लुगडी घेऊन आल्या, दोन गोधड्या शिवून द्या म्हणाल्या. आत्या एकदम ताठ बसली. टाके किती घालायचे, काठ कोणता लावायचा, मजुरी किती, सगळं ठणकावून सांगितलं. त्या बाईंनी दोन रुपये कमी करा म्हटलं तर म्हणाली, "नाही परवडत, दुसरीकडे बघा." घरात पीठ नव्हतं आणि ही भावावर अडून बसली होती! बाई अखेर कबूल झाल्या. तांदूळही लागत होते आणि गोधडीचं गिऱ्हाईकही लागत होतं. पण माणूस पुन्हा उभा राहिला तो गिऱ्हाइकामुळे.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. भूकंपात घर गेलेल्याला वस्तू विकत घेऊन मदत होत नाही. ढिगाऱ्याखालचा माणूस काय शिवणार? तिथे रोख दान पाहिजे, आणि लगेच पाहिजे. परंतु जे परागंदा होऊन आपल्या देशात आले आहेत, किंवा तिथे घरात कोंडून बसलेल्या ज्या बायकांच्या हातात कसब आहे, त्यांच्याकडून वस्तू घेणं हे दानापेक्षा वरचं.

दिल्लीत अफगाण निर्वासित बरेच आहेत. २०२१ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे, म्हणजे यूएनएचसीआरकडे, भारतात नोंदलेले अफगाण १५ हजारांच्या आसपास होते. लाजपतनगर, भोगल, खिडकी एक्स्टेन्शन या भागांत त्यांची वस्ती. आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, वेगळा कायदाही नाही. त्यामुळे या लोकांना आधार कार्ड नाही, बँकेत खातं उघडताना अडचण, नोकरीवर कुणी रीतसर घेत नाही. शिकला-सवरलेला माणूसही पडेल ते काम करतो. अशा घरात बाईची सुई हाच आधार. तिथे सिलाईवाली नावाची एक संस्था २०१८ च्या सुमारास सुरू झाली. कपड्यांच्या कारखान्यात कापून उरलेल्या चिंध्या घेऊन अफगाण बायका त्याच्या बाहुल्या करतात, हाताने टाके घालून. आम्ही गिरणीवाले चिंधीची किंमत जाणतो. पण चिंधीला नाक-डोळे काढून तिचं मूल वाढवणारी बाई आमच्याहून मोठी कारागीर. यूएनएचसीआरनेही जगभरातल्या निर्वासित कारागिरांचा माल विकायला मेड ५१ नावाची योजना काढलेली आहे, तिच्यातही या बाहुल्या आहेत.

आता आपल्या विहाराचंच घ्या. वर्षभरात जयंती, पौर्णिमा, वर्षावास, धम्मचक्र प्रवर्तन दिन, किती सत्कार होतात? प्रत्येकाला शाल, गुच्छ आणि ते सोनेरी प्लास्टिकचं स्मृतिचिन्ह, जे घरी गेल्यावर कपाटावर धूळ खातं. त्या ऐवजी अशी हाताची वस्तू दिली तर काय बिघडेल? पाहुण्याच्या घरातली नात तरी खेळेल. अध्यक्षांना मी हे आधीच बोललो आहे, ते हसले, म्हणजे निम्मं काम झालं असं मी धरतो.

गालिच्याबद्दल मात्र सावध करतो. अफगाण गालिचा नावाजलेला. वर्षानुवर्षं तो पेशावर-लाहोरला धुऊन-कातरून पाकिस्तानी म्हणून विकला गेला, नाव एकाचं आणि बोटं दुसऱ्याची. आणि ती बोटं बरेचदा आठ-दहा वर्षांच्या मुलांची असतात. स्वस्त गालिचा कुणी दारावर घेऊन आला तर स्वस्त का, हे विचारा. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये रगमार्क ही खूण सुरू झाली, पुढे तिचं नाव गुडवीव्ह झालं. मुलांना कामाला न लावता विणलेल्या गालिच्यावर ती असते. ती नसेल तर घेऊ नका. पोराच्या डोळ्यांची किंमत देऊन आपली बैठक सजवायची नाही.

थोड्या पैशांनी काय होतं, असं वाटणाऱ्यांसाठी आपल्याच गावची गोष्ट आहे. अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरले. लोकमान्यांनी त्यांना पाठबळ दिलं. त्या पैशा-पैशातून पैसा फंड उभा राहिला आणि १९०८ साली आपल्या तळेगावात काच कारखाना निघाला. इथे शिकलेल्या कारागिरांनी पुढे ठिकठिकाणी काचेचे कारखाने चालवले. टिळकांशी आपले मतभेद जगजाहीर आहेत आणि त्या स्वदेशीत आपल्या माणसाला पाटावर बसवलं होतं का, हा हिशोब वेगळा मांडता येईल. पण एक पैशाचं गणित खोटं नव्हतं. गंमत बघा, अफगाणिस्तानात हेरात शहरातही काचेचे कारागीर आहेत. भट्टीत जुन्या बाटल्या वितळवतात, नळीने फुंकून निळे-हिरवे पेले आणि फुलदाण्या करतात. शेकडो वर्षांची विद्या, आता बोटांवर मोजण्याएवढे हात उरलेत. गिऱ्हाईक गेलं की कला जाते. तळेगावच्या माणसाला काचेच्या भट्टीची धग काय असते हे समजावून सांगावं लागू नये.

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला सांगितलं होतं की प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा. विसावा! आपल्यापैकी कोण देतो, हे मी विचारणार नाही, कार्यक्रमाचा रंग जाईल. मी त्यातला अगदी छोटा तुकडा मागतो. आपल्या शेजारी देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्ती बसली. ती मूर्ती ब्रह्मदेशातून आलेली. आपल्यापर्यंत बुद्ध पोहोचले तेसुद्धा सरहद्दी ओलांडूनच.

आणखी एक, अगदी जवळचं. पुण्यात अफगाण विद्यार्थी पुष्कळ शिकून गेले, काही अजूनही आहेत. २०२१ मध्ये घरून येणारे पैसे एकाएकी थांबले तेव्हा त्यांची मोठी पंचाईत झाली. करोनात घरी गेलेल्या अनेकांचे व्हिसा रद्द झाले आणि परत येता आलं नाही. अशा मुलाला खोली देताना घरमालक नाव ऐकूनच नाही म्हणतात. हे "नाव ऐकून नाही" आपल्याला नवीन आहे का? आडनाव सांगितल्यावर खोली आधीच गेलेली असते, हा अनुभव इथल्या कित्येकांचा आहे. तर आपल्याकडे कुणाची खोली रिकामी असेल तर कागदपत्रं बघून द्या. परदेशी भाडेकरू ठेवल्यावर चोवीस तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो, तो ऑनलाइन होतो, आपली पोरं भरून देतील. कायद्याने करा आणि बिनघोर राहा.

पैशाबाबत. विहाराच्या ट्रस्टच्या खात्यातून परदेशी कामासाठी रक्कम द्यायची नाही. ट्रस्टचे नियम वेगळे आहेत, उगाच धर्मादाय आयुक्तांकडे हेलपाटे नकोत. ज्याने त्याने आपल्या खात्यातून यूएनएचसीआर किंवा युनिसेफच्या भारतातल्या कार्यालयाला थेट द्यावं आणि पावती घ्यावी. मोबाइलवर रडणाऱ्या मुलाचा फोटो आणि खाली क्यूआर कोड आला म्हणून पैसे टाकू नका, भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी असले लुटारू बाहेर पडतात. "हे पैसे तालिबानला जातील का?" असंही विचारतात. तिथे काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेला त्यांच्याशी रोज झगडावं लागतं, हे खरं आहे. बायकांना कामावर ठेवू नका म्हणून त्यांनी हुकूम काढलेले आहेत. तरीही औषध आणि पीठ पोहोचतं. आणि ज्याला तेवढीही शंका नको त्याने दिल्लीच्या बायकांची बाहुली घ्यावी, तो पैसा सरहद्द ओलांडतच नाही.

वस्तू घेताना एक पथ्य पाळा. घासाघीस करू नका. माझ्या आत्याने दोन रुपये सोडले नव्हते, या बायकांनीही का सोडावेत?

बाहेर चपलांच्या शेजारी टेबल मांडलं आहे. त्यावर दोन वह्या आहेत. निळ्या वहीत ज्यांना वस्तू मागवायच्या आहेत त्यांनी नाव, घर नंबर आणि किती नग ते लिहा. महिला मंडळ सगळ्यांची मिळून एकच मागणी पाठवणार आहे, म्हणजे टपालखर्च वाचेल. लाल वहीत दान पाठवल्याची पावती दाखवून फक्त सही करायची, रक्कम लिहायची नाही. एका घरातून दहा रुपये गेले काय आणि हजार गेले काय, सही सारखीच. पुढच्या पौर्णिमेला दोन्ही वह्या सगळ्यांसमोर वाचून दाखवू. खीरदान सुरू होतंय, लहान मुलांना आधी बसू द्या.

जयभीम!